सुक्का उघडलं तर नुसती मापंच: तालमूदातून ज्यू सण कसे कळतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तालमूद वाचल्याशिवाय ज्यू सणांचा खरा अर्थ कळत नाही असं कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही हौसेने 'सुक्का' (म्हणजे मांडव; सुक्कोत या मांडवांच्या सणावरचा) हा भाग उघडलात, पहिल्याच ओळीत निघालं की मांडव वीस हातांपेक्षा उंच असला तर चालत नाही, मग भिंती किती, सावली किती, ऊन किती, आणि बरीच पानं उलटली तरी सणाचा अर्थ काही सापडेना. मला वाचून हसूच आलं. इथे इस्रायलमधे, लोदला, आम्ही काही मराठी बायका मिळून तालमूद वाचतो, वर्ग मी घेते म्हणायचं, पण खरं तर सगळ्या मिळून भांडतो, आणि नवीन आलेली प्रत्येक जण हेच विचारते, की अगं यात सण कुठाय?

माझं उत्तर असं की सण त्या मापातच आहे. तालमूद 'या सणाचा अर्थ अमुक' असं एका वाक्यात फार क्वचित सांगतो. तो मांडवाची उंची विचारतो, तेल कुठलं ते विचारतो, उंदराने पाव पळवला तर काय ते विचारतो, आणि उंचीचं कारण काय यावर तीन शहाणी माणसं भांडायला लागली की मग तुम्हाला दिसतं की प्रत्येकाच्या मनात सणच वेगळा आहे. आणि बहुतेक वेळा कुणालाच खोडून टाकलेलं नसतं, तिघांची मतं तशीच्या तशी ठेवलेली असतात.

आधी थोडी माहिती, ज्यांना माहितीये त्यांनी पुढे जा. मिश्ना म्हणजे साधारण इ.स. 200 च्या सुमारास रब्बी (म्हणजे धर्मगुरू) येहुदा हनासीने संकलित केलेले नियम, अगदी तुटक भाषेत. त्यावर पुढची तीनेकशे वर्षं बाबिलोनियात, म्हणजे आजच्या इराकमधे, जी चर्चा झाली ती गमारा. दोन्ही मिळून तालमूद. मिश्नाचे सहा विभाग, त्यातला 'मोएद' हा सणांचा, त्यात बारा ग्रंथ: शब्बात, पेसाहीम, योमा, सुक्का, रोश हशाना, मेगिल्ला वगैरे. रोज एक पान वाचायची पद्धत 1923 साली रब्बी मेइर शापिरो यांनी सुरू केली, 2711 पानं आहेत म्हणजे साडेसात वर्षं लागतात, सध्याची फेरी 5 जानेवारी 2020 ला सुरू झाली. असो.

आता तुमचीच ओळ घेऊ. वीस हात म्हणजे साधारण तीस फूट. मिश्ना म्हणते चालत नाही, का ते सांगत नाही. गमारा विचारते, का? रब्बा म्हणतो की इतक्या उंचावर माणसाची नजर जात नाही, आणि सुक्कात बसलोय हे कळायलाच हवं, कारण तोरा (मोशेची पाच पुस्तकं) म्हणते 'तुमच्या पिढ्यांना कळावं म्हणून'. रब्बी झेरा म्हणतो की मांडव एवढा उंच असला तर अंगावर पडते ती भिंतींची सावली, छपराची नाहीच. आणि रावा (हा वेगळा, रब्बा आणि रावा यात सगळेच गोंधळतात) म्हणतो की सात दिवस पक्कं घर सोडून कच्च्या घरात राहायचं आहे, आणि तीस फूट उंच काही उभं करायचं तर ते कच्चं बांधून उभं राहणारच नाही, त्याला पाया लागेल, खांब लागतील, म्हणजे ते घरच झालं.

बघा आता. वाद उंचीचा आहे, पण रब्बासाठी सुक्कोत हा आठवणीचा सण आहे, डोक्यात काय चाललंय ते महत्त्वाचं. झेरासाठी तो सावलीचा आहे, अंगाला काय लागतंय ते. रावासाठी तो घर सोडण्याचा. आणि हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, गमारा लगेच विचारते की भिंती अगदी छपरापर्यंत गेल्या तर? नजर भिंतीवरून वर सरकत जाईल, म्हणजे रब्बाचं कारण धरलं तर चालायला हवं, पण रावाचं धरलं तर तरीही नाही. असं प्रत्येक कारण ताणून बघतात. वाचायची युक्ती हीच: दोघांचा निकाल एकच असला तरी विचारायचं की कुठल्या केसमधे यांचं पटणार नाही? तिथे अर्थ बाहेर येतो.

पुढच्याच पानावर एक गोष्ट येते जी आम्हाला लोदकरांना फार आवडते. हेलेनी राणीचा सुक्का लोदमधे होता आणि तो वीस हातांपेक्षा उंच होता, आणि म्हातारी जाणती माणसं आत-बाहेर करत होती आणि कुणी चकार शब्द काढला नाही, असं रब्बी येहुदा (हनासी नव्हे, हा दुसरा) म्हणतो. बाकीचे म्हणाले, ती बाई होती, बाईला सुक्का बंधनकारक नाही, म्हणून गप्प बसले. तो म्हणाला, अहो तिला सात मुलगे होते! पुढे हा वाद बराच चालतो पण मला मजा वाटते ती याची की नियम ठरवताना पुरावा म्हणून एका बाईचा मांडव पुढे आणलाय.

त्याच ग्रंथात पुढे हत्ती आहे. जनावर उभं करून त्याची भिंत म्हणून वापर केला तर चालेल का? एकाचं म्हणणं, मरून पडलं तर? मग गमारा म्हणते हत्ती बांधून ठेवला असेल तर काहीच प्रश्न नाही, मेला तरी त्याचं धूड दहा मुठी उंच भरतंच, म्हणजे भिंतीचं किमान माप पूर्ण. खरोखर कुणी हत्तीची भिंत केली असेल असं मला वाटत नाही. पण 'कच्चं' म्हणजे किती कच्चं, आज आहे उद्या नाही अशी वस्तू घर म्हणवते का, हे विचारायला हत्तीपेक्षा चांगलं उदाहरण नाही.

आणि पाऊस. मिश्ना म्हणते पाऊस आला तर सुक्का सोडून घरात कधी जायचं? वाटीतली पेज खराब होईल इतका आला की. आणि लगेच दृष्टांत: नोकर मालकाला पेला भरून द्यायला आला आणि मालकाने तांब्यातलं पाणी त्याच्याच तोंडावर फेकलं. म्हणजे सणात पाऊस म्हणजे देवाने तोंडावर पाणी मारलं. इथे इस्रायलमधे हे लगेच पटतं कारण सुक्कोतपर्यंत उन्हाळाच असतो, पाऊस त्यानंतर. कोकणात मात्र सुक्कोत म्हणजे हस्ताचा पाऊस, कधी कधी तर धो धो, तिथे दरवर्षी देव नाराज असतो असं म्हणायचं का? आमच्या वर्गात यावर मोठी चर्चा झाली आणि शेवटी पेसाहीममधली आणि तानीतमधली पानं काढून बसलो, पण मूळ तत्त्व तिथेच सुक्कातच आहे, ज्याला सुक्कात त्रास होतो त्याला सूट. त्रास सोसून बसण्याचा हा सण नाहीये, आणि माझ्या मते ही त्या ग्रंथातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. ('झावळ्यांची विणलेली झापं छपराला चालतील का' असं कुणीतरी मधे विचारलेलं दिसलं, तर त्यावर मिश्ना आहे: निजायला केलेली चटई चालत नाही, छपरासाठी केलेली चालते. आपली झापं छपरासाठीच विणतात, पण प्रत्यक्ष बांधायच्या आधी रब्बीला विचारा, माझ्यावर जाऊ नका.)

आता हनुक्का, तेलाच्या दिव्यांचा सण, कारण इथे आपला म्हणजे बेने इस्रायलचा, कोकणातल्या मराठी ज्यूंचा, थेट संबंध आहे. कोकणातल्या आपल्या पूर्वजांकडे तालमूद नव्हता. शब्बाथ होता, सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते, शेमा ही प्रार्थना म्हणत होते, आणि सण होते पण मराठी नावांचे: नव्याचा सण, खिरीचा सण, योम किप्पूरला दरफळणीचा सण, पुरिमला होळीचा सण, तिशा बेआवला बिरड्याचा सण. हनुक्का मात्र ठाऊकच नव्हता, तो पुढे कोचीनकडून आलेल्या शिक्षकांनी शिकवला, दाविद राहाबीचं नाव परंपरेत येतं ते यातूनच. आणि गंमत अशी की गावात आपल्याला म्हणायचे शनवार तेली. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे. म्हणजे तेलाचा सण माहीत नसलेले तेली!

हनुक्काला तालमूदात स्वतंत्र ग्रंथच नाही. तो येतो 'शब्बात' मधे, एकविसाव्या पानावर, आणि तोही ओघात. चर्चा चालली असते की शब्बाथसाठी शुक्रवारी संध्याकाळी लावायच्या दिव्याला कुठल्या वाती आणि कुठलं तेल चालतं, आणि मधेच कुणीतरी विचारतं की मग जे शुक्रवारला चालत नाही ते हनुक्काला चालेल का? आणि मग त्या ओघात तो प्रश्न येतो, हनुक्का म्हणजे काय? आणि उत्तर: ग्रीकांनी यरुशलेमच्या मंदिरातलं सगळं तेल विटाळलं, हश्मोनाईंनी (म्हणजे मकाबींनी) त्यांना हरवल्यावर शोधलं तेव्हा मुख्य याजकाचं सील असलेली एकच कुपी सापडली, एका दिवसापुरती, ती आठ दिवस पुरली. लढाई एका वाक्यात संपली. मकाबींच्या ग्रंथांमधे लढायाच लढाया आहेत आणि कुपीचा पत्ता नाही, इथे उलट. कुठल्या गोष्टीसाठी सण करायचा हे बाबिलोनियातल्या विद्वानांनी ठरवलंय, आणि ठरवताना सेनापतीपेक्षा दिवा निवडलाय. यावर वाटेल तितकं राजकारण बोलता येईल, मी नाही बोलत.

मग दिवे किती? शम्माईच्या घराण्याचं (म्हणजे शिष्यांचं) म्हणणं पहिल्या दिवशी आठ लावा आणि रोज एक कमी करत जा, हिलेलच्या घराण्याचं एकापासून सुरू करा आणि वाढवत जा. आपण सगळे हिलेलप्रमाणे करतो. कारण विचारलं तर एक मत की शम्माई उरलेले दिवस मोजतो आणि हिलेल झालेले. दुसरं मत की शम्माईच्या डोक्यात सुक्कोतचे बैल आहेत, जे मंदिरात रोज एक कमी असे अर्पण व्हायचे, आणि हिलेलच्या डोक्यात हे की पवित्र गोष्टीत चढत जायचं, उतरायचं नाही. मला वैयक्तिकरित्या शम्माई पटतो, चमत्कार बघायचा तर भरलेली कुपी रोज थोडी रिकामी होतेय हे दिसायला हवं ना! पण माझ्या घरी माझं कोण ऐकतंय.

तेलाची जागा मात्र नीट वाचा. शुक्रवारच्या दिव्याबद्दल रब्बी तार्फोन म्हणतो फक्त ऑलिव्हचं तेल चालेल. यावर योहानान बेन नुरी नुसतं बोलत नाही, उठून उभा राहतो आणि विचारतो: मग बाबिलोनियातल्या लोकांनी काय करायचं, त्यांच्याकडे फक्त तिळाचं तेल आहे? मीडियातल्यांनी काय करायचं, त्यांच्याकडे अक्रोडाचं? अलेक्झांड्रियातल्यांकडे फक्त मुळ्याच्या बियांचं? हे वाचलं आणि मला आमची आजी आठवली, अलिबागकडची, काचेच्या ग्लासात अर्धं पाणी आणि वर खोबरेल ओतून वात सोडणारी. ऑलिव्ह तिने आयुष्यात बघितलं नव्हतं. तर जगात जिथे जे तेल मिळतं तिथे तो दिवा खरा, यासाठी एक माणूस एकोणीसएकशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. हनुक्काबद्दल पुढे लिहिलंय की सगळी तेलं चालतात, ऑलिव्ह उत्तम, आणि अबाये आपल्या गुरूची गोष्ट सांगतो की ते आधी तिळाचं तेल शोधत फिरायचे, म्हणायचे हे जास्त वेळ जळतं, मग ऑलिव्हचं मत ऐकलं तेव्हापासून ते शोधायला लागले, म्हणाले याचा प्रकाश स्वच्छ आहे. तेल्याच्या घरातल्या माणसाला हा संवाद कळतो बरं का.

दिवा लावायचा तो दाराबाहेर, वर राहात असाल तर रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत, आणि दिवस धोक्याचे असले तर आत टेबलावर ठेवला तरी पुरे. या शेवटच्या तुकड्यात युरोपातला, इराकातला, सगळा इतिहास बसतो. आणि पैसे थोडेच असतील, एकतर शब्बाथचा दिवा नाहीतर हनुक्काचा, तर कुठला? रावा म्हणतो शब्बाथचा, कारण घरात अंधार नको, घरात शांती हवी. चमत्काराची जाहिरात नंतर. बाबा कामा नावाच्या, नुकसानभरपाईच्या ग्रंथात अजून एक मस्त केस आहे: जवसाचे, अंबाडीसारखे धागे लादलेला उंट रस्त्याने चाललाय, दुकानदाराने दिवा बाहेर ठेवलाय, पेटलं, इमारत जळाली, भरपाई दुकानदार देणार. पण रब्बी येहुदा म्हणतो हनुक्काचा दिवा असेल तर दुकानदार सुटला. सगळ्यांना दिसावा म्हणून दिवा बाहेर ठेवायचा हे किती गंभीरपणे घेतलं होतं ते कळायला प्रवचन लागत नाही, हा उंट पुरतो.

बायकांनाही दिवा लावणं बंधनकारक आहे, येहोशुआ बेन लेवी म्हणतो, कारण त्याही त्या चमत्कारात होत्या. हेच वाक्य तो पेसाहच्या (मिसरमधून सुटकेच्या सणाच्या) चार प्याल्यांबद्दल आणि पुरिमच्या मेगिल्लाबद्दल, म्हणजे एस्तेर राणीच्या पुस्तकाबद्दल, म्हणतो. तीन ठिकाणी तेच. आमच्या वर्गात हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे, का ते सांगायला नको.

पेसाह. 'पेसाहीम' ची सुरुवात दिवा घेऊन घरभर खमिर, म्हणजे पेसाहला घरात नको असलेला आंबवलेला पाव वगैरे, शोधण्याने होते, आणि थोड्याच पानांत उंदीर येतात. मिश्ना म्हणते की शोधून झाल्यावर एखादा मुंगसासारखा प्राणी दुसऱ्या घरातून पाव ओढून आणेल अशी शंका घ्यायची नाही, कारण मग घरातून घरात, अंगणातून अंगणात, गावातून गावात, याला अंतच नाही. आणि 'अंत नाही' म्हटल्यावर गमारा लगेच तेच करते: उंदीर तोंडात पाव घेऊन आत गेला आणि उंदीर पाव घेऊन बाहेर आला, तर तोच धरायचा का? पांढरा आत गेला आणि काळा बाहेर आला तर? उंदीर आत आणि मुंगूस पाव घेऊन बाहेर तर? सापाच्या तोंडात पाव असेल तर गारुडी बोलवायचा का? काही प्रश्नांना उत्तरच देत नाहीत, 'राहू दे उभा' म्हणून सोडतात. पेसाहच्या आधी घर साफ करताना ज्या बायका वेड्या होतात त्यांनी ही पानं वाचावीत, हसतील आणि थांबतील. माणसाने किती शोधायचं याला सीमा हवी, आणि ती सीमा कुठे हे ठरवणं हाही त्या सणाचा भाग आहे.

मग दहावा अध्याय, सेदेरच्या रात्रीचा, म्हणजे पेसाहच्या पहिल्या रात्रीच्या जेवणाचा. मिश्ना सांगते गोष्ट लाजेपासून सुरू करायची आणि स्तुतीवर संपवायची. लाज म्हणजे कुठली? राव (रावा नव्हे, हे एका विद्वानाचं नावच, पण पुढे 'राव नाहमान', 'राव हुना' यात ती पदवी) म्हणतो 'आपले पूर्वज मूर्तिपूजक होते' इथून सुरुवात कर. शमुएल म्हणतो 'आम्ही गुलाम होतो' इथून. तुम्ही म्हणाल फरक काय? प्रचंड. एकासाठी मिसरमधून सुटका ही मनाची आहे, दुसऱ्यासाठी पाठीवरच्या चाबकाची. आज आपण हगादा, त्या रात्रीची पोथी, वाचतो त्यात दोन्ही आहेत, निवड केलेलीच नाही, एकाच रात्री दोन्ही गोष्टी सांगतो. 1846 साली मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला तेव्हापासून मराठीतही दोन्ही.

आणि त्याच पानावर एक प्रसंग आहे ज्याच्याबद्दल फार कमी लोक बोलतात. राव नाहमानने आपल्या दारू नावाच्या गुलामाला विचारलं (नावावर हसू नका), की मालकाने गुलामाला मुक्त केलं आणि वर सोनं-चांदी दिलं तर त्याने काय म्हणावं? तो म्हणाला, आभार मानावेत, स्तुती करावी. राव नाहमान म्हणाला, तू आम्हाला प्रश्न विचारण्यापासून मोकळं केलंस, आणि सुरू झाला, 'आम्ही गुलाम होतो'. आता विचार करा, स्वातंत्र्याच्या रात्री हा मनुष्य आपल्या जिवंत, समोर उभ्या असलेल्या गुलामाला हे विचारतोय, उत्तर घेतोय, आणि पुढे त्याला मुक्त केलं असं कुठेही लिहिलेलं नाही. टीकाकार काय काय म्हणतात ते म्हणोत, मला हे वाचताना दर वेळी अंगावर येतं. तालमूद हे झाकत नाही, खाली काही समजावणीही देत नाही, नुसतं ठेवून देतो.

तांदळाचं विचारलं जातंच म्हणून एकदा सांगते. सेदेरच्या ताटात दोन शिजवलेले पदार्थ ठेवायचे, कुठले? राव हुना म्हणतो बीट आणि भात. राव आशी यावरून म्हणतो की म्हणजे तांदूळ खमिर होतो या योहानान बेन नुरीच्या मताला कुणी मानत नाही (हो, तोच तिळाच्या तेलावाला). अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यू लोकांनी तांदूळ बंद केला तो पुढे युरोपात, मध्ययुगात. आमच्या घरी पेसाहला भात चालतो आणि कुणी भुवया उंचावल्या तर मी हे पान दाखवते.

योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाचा दिवस, त्याच्या 'योमा' ग्रंथाचे पहिले सात अध्याय मंदिरातल्या मुख्य याजकाच्या सेवेवर आहेत, वाचायला कठीण आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणे, तुम्ही आठव्यापासून सुरू करा. तिथे आजारी माणसाचं आहे. वैद्य म्हणतो याला खायची गरज नाही, रोगी म्हणतो आहे, तर रोग्याचं ऐका, 'हृदयाला आपलं दुःख ठाऊक असतं'. रोगी नको म्हणतो आणि वैद्य हवं म्हणतो, तर वैद्याचं ऐका. दोन्हीकडून खाण्याच्याच बाजूला! वर्षातला सगळ्यात कडक उपास आणि त्याच्या ग्रंथात ही इतकी मोठी खिडकी उघडी ठेवलीये.

आणि तिथेच माफीचं. देवाविरुद्धची पापं योम किप्पूर धुतो, माणसाविरुद्धची नाही, जोवर त्या माणसाची समजूत काढत नाही तोवर. सगळे इथवर सांगतात आणि थांबतात, पण पुढची गोष्ट वाचा. रावचं आणि एका खाटकाचं काहीतरी बिनसलं होतं. योम किप्पूरच्या आदल्या दिवशी खाटीक आला नाही, तर राव म्हणाला मीच जातो त्याच्याकडे. वाटेत राव हुना भेटला, कुठे निघालात, अमक्याची समजूत काढायला. राव हुना मनात म्हणाला, अब्बा (म्हणजे राव, त्याचं नाव अब्बा) माणूस मारायला निघालाय. राव जाऊन समोर उभा राहिला, खाटीक जनावराचं डोकं फोडत बसला होता, वर बघून म्हणाला, अब्बा ना तू? जा, माझं तुझ्याशी काही नाही. तेवढ्यात हाड उडून गळ्याला लागलं आणि तो मेला. ही काय गोष्ट आहे? खाटकाला शिक्षा? की मोठ्या माणसाने असं जाऊन समोर उभं राहणं हीच एक प्रकारची जबरदस्ती? गोष्टीच्या शेजारीच रब्बी झेराचं आहे, त्याला कुणी दुखावलं तर तो नुसता त्या माणसाच्या समोरून ये-जा करायचा, म्हणजे त्याला वाटलं तर बोलता यावं. न बोलता. दोन्ही एकाच पानावर, आणि मी दर वर्षी रोश हशाना ते योम किप्पूरमधल्या दिवसांत हे पान काढून बसते, झेरासारखं वागणं किती अवघड आहे ते सासरी जाऊन आलेल्या कुणालाही कळेल.

रोश हशानाच्या, म्हणजे नववर्षाच्या, शोफारचं (फुंकायच्या शिंगाचं) थोडक्यात. तेरुआ हा आवाज नक्की कसा, हे तालमूदात पक्कं नव्हतं, तर तो शोधला एका रडण्यात: सिसरा हा शत्रूचा सेनापती, त्याची आई खिडकीत वाट बघत रडली ते रडणं. तोही वाद, ती कण्हत होती की हुंदके देत होती? कैसरियाच्या रब्बी अबाहूने दोन्ही वाजवायला लावलं, शंका नको म्हणून. म्हणजे नववर्षाला देवळात आपण शत्रूच्या आईचं रडणं वाजवतो. यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच ऐका.

पुरिमवर लोक फक्त दारूची गोष्ट सांगतात, रब्बाने प्यायल्यावर रब्बी झेराला कापलं, दुसऱ्या दिवशी प्रार्थना करून जिवंत केलं, पुढच्या वर्षी परत बोलावलं तर तो म्हणाला दर वेळी चमत्कार होत नसतो. भारी आहेच. पण मला मेगिल्लामधली दुसरी जागा जास्त भावते: पुरिमला हल्लेल हे स्तुतिगीत का म्हणत नाहीत? रावा म्हणतो, मिसरमधून सुटलो तेव्हा फारोचे गुलाम राहिलो नाही, इथे मात्र आपण अजून अहश्वेरोश राजाचेच चाकर. जीव वाचला, राज्य बदललं नाही. सणाच्या ऐन मध्यावर हे बोलायला धाडस लागतं. (आणि हो, एस्तेरच्या पुस्तकातल्या 'होदूपासून कूशपर्यंत' मधला होदू म्हणजे आपला हिंदुस्थान, राव आणि शमुएल यावरही भांडतात की हे दोन देश जगाच्या दोन टोकांना की एकमेकांशेजारी.)

तिशा बेआवला, मंदिर पडल्याच्या शोकाच्या दिवशी, तर तालमूद वाचायलाच बंदी आहे. तानीत ग्रंथात कारण दिलंय, शास्त्र वाचल्याने मन आनंदतं आणि शोकाच्या दिवशी आनंद नको. फक्त ईयोब, विलापगीत, यिर्मयामधले दुःखाचे भाग चालतात. म्हणजे हे सगळं उंदीर, उंट, हत्ती वाचणं हा त्यांच्या दृष्टीने सुख आहे हे त्यांनीच कायद्यात लिहून ठेवलंय. आपल्याकडे त्या दिवसाला बिरड्याचा सण म्हणायचे, उपास सुटला की केळीच्या पानावर वालाचं बिरडं. तालमूदात शोक करणाऱ्याला मसूर देतात, मसुराला तोंड नसतं तसं शोक करणाऱ्याला तोंड नसतं म्हणून. कोकणात तालमूद नसतानाही कडधान्यच, आता हा योगायोग की काही जुनी आठवण, मला योगायोग वाटतो, आमच्या वर्गातल्या निम्म्या बायकांना नाही वाटत.

आता तुम्ही कुठून सुरू कराल. सुक्का बंद करा, सध्यातरी. पेसाहीमचा दहावा अध्याय घ्या, कारण सेदेर तुम्हाला माहीत असेल नसेल तरी गोष्ट ओळखीची आहे आणि पानं सोपी आहेत. मग शब्बातमधली एकवीस ते तेवीस ही हनुक्काची पानं. मग योमाचा आठवा. मेगिल्लाचा पहिला अध्याय मधे मधे, विरंगुळा म्हणून. सुक्का त्यानंतर, आणि एरुवीन हा ग्रंथ तर कुणी कितीही म्हटलं तरी पहिल्या वर्षी नको, त्यात फक्त भूमिती आहे. इंग्रजी चालत असेल तर स्टाइनसाल्झ यांचं भाषांतर सेफारिया या वेबसाइटवर फुकट आहे, मोबाइलवर पण वाचता येतं. आणि एकट्याने वाचू नका, सोबत कुणीतरी घ्या, शक्यतो असं कुणीतरी ज्याचं तुमच्याशी पटत नाही. एक जण रब्बाची बाजू घेईल एक जण रावाची, आणि ओळ वाचून झाली की पुस्तक मिटून एकमेकांना विचारा, बरं मग भिंती छपरापर्यंत गेल्या तर?